डावीकडची पट्टी

लिनक्सच्या फोनवर हलका डेस्कटॉप बसवणं अवघड नाही, फक्त कंटाळवाणं आहे. फोनसोबत जे रूप येतं ते सरकते पडदे, सावल्या आणि नखऱ्यांनी इतकं जड असतं की फोन हातात तव्यासारखा तापतो. ते काढून टाकायचं आणि जुन्या संगणकावर असायचा तसा साधा डेस्कटॉप घालायचा. राखाडी पडदा, कडेला एक पट्टी, पट्टीत घड्याळ आणि चारदोन चित्रं. मग खरं झेंगट सुरू होतं. अक्षरं मुंगीएवढी दिसतात, ती मोठी करा. खिडकी पडद्याहून लांब निघते आणि जे बटण दाबायचं तेच नेमकं खाली पडद्याबाहेर राहतं. फोन आडवा केला की चित्र फिरतं, पण स्पर्श फिरत नाही. बोट इथे टेकवावं तर दाबलं जातं भलतीकडे. हे सगळं एकेक करून निस्तरायचं. मला हे माझ्या मोठ्या दिराने शिकवलं, त्रिफूनने.

नात्याने दीर, पण पिरोतच्या बाजारामागे फोन आणि संगणक दुरुस्तीचं दुकान आम्ही दोघं मिळून चालवायचो, म्हणून मी त्याला नावानेच हाक मारायची. तो मला ‘भागीदार’ म्हणायचा, घरातसुद्धा. तरुणपणी एका कारखान्यात त्याचा उजवा अंगठा यंत्रात गेला होता. उरलेला खुंट तो कायम मुठीत दडवून ठेवी आणि फोन डाव्या हातात धरून डाव्या अंगठ्याने चालवी. त्यामुळे त्याच्या फोनवर ती पट्टी डाव्या कडेला उभी असे.

“सगळ्या जगाने उजव्यांसाठी फोन केलेत, भागीदार. हा एक माझ्यासाठी,” असं म्हणायचा.

त्याने एकसारखे दोन फोन मागवले होते, एक स्वतःला आणि एक धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वुकोमानला. दोन का, तर एका पार्सलात दोन आले की टपालखर्च एकदाच. पिरोतची माणसं चिक्कू म्हणून सगळ्या सर्बियात आमच्यावर विनोद आहेत. त्यातले निम्मे आम्हीच वापरून झाल्यावर बाहेर दिले आहेत. त्रिफूनने स्वतःचा फोन लावला. वुकोमानचा खोक्यातच राहिला, कारण ‘मिरच्या भाजून झाल्या की लावतो’ असं तो म्हणत होता. मिरच्या भाजून झाल्या, बरण्या भरल्या, आणि एका सकाळी दुकानात हातात पेचकस असतानाच त्रिफून खाली कोसळला, तो गेलाच. हृदय, असं सांगितलं.

दोघे भाऊ फेब्रुवारीतले, वेगवेगळ्या सालचे. एकाच महिन्यात जन्मलेल्या भावंडांना आमच्याकडे ‘एका बेडीतले’ म्हणतात. त्यातला एक गेला की दुसऱ्याला सोडवून घ्यायचं असतं. शवपेटी बंद करण्याआधी गेलेल्याच्या आणि राहिलेल्याच्या पायात मिळून घोड्याची लोखंडी बेडी घालतात. मग तिसरं कुणीतरी ती किल्लीने उघडतं आणि ज्याला वर ठेवायचं त्याचं नाव घेऊन म्हणतं, ‘तू आमचा, तू इथे राहा.’ मी हे लहानपणी एकदा पाहिलं होतं आणि मला हसू आलं होतं.

सासूबाईंनी, ल्युबिंकाबाईंनी, ती बेडी पिठाच्या पिशवीत घालून दफनभूमीत आणली होती. वुकोमानच्या कामावरची माणसं रांगेत उभी होती. तो कानापर्यंत लाल झाला.

“आई, माझी शोभा करू नकोस.”

“शोभा कसली? पाय पुढे कर.”

“आई, असू द्या आता,” मी हळूच म्हणाले. “लोक बघतायत.”

त्या माझ्याकडे वळल्या. “लोक घरी जातील, झागोर्का. हा कुठे जाईल ते बघ.”

पण बेडी पिशवीत परत गेली. रागारागाने त्यांनी त्रिफूनच्या कोटाच्या खिशात सिगारेटी कोंबल्या, ब्रँडीची छोटी बाटली ठेवली आणि त्याचा फोनही ठेवला. “चांगला चालता फोन की हो!” मागून कुणीतरी कुजबुजलं. जीव माझाही हळहळला, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या फोनमधलं सगळं ज्यात साठलेलं असतं त्या मेमरी कार्डाची नक्कल मी आदल्या दिवशीच करून ठेवली होती.

हिवाळा लागल्यावर वुकोमानने स्वतःच विषय काढला. तो तेव्हा घरीच असायचा. कामावरून सुट्टी घेतली होती, रात्रभर झोपून सकाळी दमलेलाच उठायचा. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, दुःख आहे, वेळ लागेल.

“तो दुसरा फोन लावून दे ना. त्याचा होता तस्साच.”

मीही दमले होते. दुकान एकटीवर, घर एकटीवर, सासूबाई दिवसभर अबोल. पहिल्यापासून सगळं बसवायचं म्हणजे पूर्ण दिवस गेला असता, आणि तयार नक्कल पडलेली असताना ते का करायचं? ती नक्कल नव्या कार्डावर चढवली आणि फोन चालू केला. राखाडी पडदा आला, डाव्या कडेला पट्टी आली, तिच्यात त्रिफूनचं घड्याळ. वुकोमान बराच वेळ नुसता बघत बसला. मग त्याचे डोळे भरून आले आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले.

अशी नक्कल केली की एक काम करायचंच असतं. प्रत्येक फोनच्या पोटात त्याची स्वतःची ओळख असते, एक लांबलचक आकडा. तो नकलेबरोबर उतरतो. तो पुसून नव्या फोनला नवी ओळख घेऊ द्यायची, नाहीतर दोन फोन एकच होऊन बसतात आणि वायफायच्या जाळ्यावर गोंधळ उडतो. त्रिफूनने हे मला पहिल्याच आठवड्यात पढवलं होतं. मी ते केलं नाही. दुसरा फोन मातीखाली होता. गोंधळ होणार कुणाशी?

वुकोमान उजव्या हाताचा, म्हणून पट्टी मी उजव्या कडेला नेली. आणि तिच्यात अगदी खाली, अंगठा आपोआप पडेल तिथे, माझं बटण ठेवलं. ते दाबलं की थेट मला फोन. मधूनच त्याच्या छातीत धडधडायचं आणि मी दुकानात असायची. त्याला काही होऊ नये, एवढीच माझी तेव्हा देवाकडे मागणी होती. दुसरं काही सुचतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा डावीकडे होती.

असं होतं. जुन्या मांडणीची फाईल कुठेतरी राहते आणि फोन सुरू होताना नव्यावर येऊन बसते. मी शोधली, काढली, पट्टी उजवीकडे नेली. मग फोन सारखा वायफायवरून सुटायला लागला. राउटर म्हणत होता, हाच फोन आधीच जोडलेला आहे. राउटर जुनाट होता. मी तो बंद करून चालू केला आणि त्याला चार शिव्या दिल्या.

मग स्पर्श. फोन टेबलावर पडलेला असायचा आणि कुणी हात न लावता पडद्यावर काहीतरी दाबलं जायचं. यालाही कारणं असतात, बॅटरी फुगली की ती आतून पडद्याला रेटते. मी फोन उघडला. बॅटरी सपाट होती. माझ्या लॅपटॉपवरून मी त्या फोनचे स्पर्श बघायला लागले. प्रत्येक स्पर्शाला पडद्यावरच्या जागेसकट एक ओळ उमटते. सगळे डाव्या कडेला होते, वरपासून खालपर्यंत, सावकाश, अंधारात भिंतीवर दिव्याचं बटण चाचपावं तसे. पट्टी जिथे असायची तिथेच.

मी पडदा बदलला. स्पर्श तसेच राहिले.

“तू सारखी त्याच्याशी काय खेळतेस?” वुकोमानने पलंगावरून विचारलं.

“बिघडलाय.”

“नाही बिघडला.” तो भिंतीकडे बघत होता. “तुझ्याकडे गरम मोजे आहेत का? डावा पाय फार गार पडलाय. आणि जड झालाय गं, ओढत न्यावा लागतो.”

मी पाय चोळून दिला. घोट्याभोवतीची कातडी बर्फासारखी होती. त्याच्या वरची आणि खालची मात्र नेहमीसारखी कोमट.

जानेवारी संपता संपता एका रविवारी, भर दुपारी, मी फोन खिडकीशी घेऊन बसले. बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं, डोळे दिपत होते. फोनचा पडदा मात्र मिणमिणता होत चालला. फोनमध्ये उजेड मोजणारा एक ठिपका असतो. अंधार असला की तो पडदा मंद करतो. मी त्याचा आकडा पाहिला. शून्य. ठिपक्यावर बोट नव्हतं, धूळ नव्हती, ऊन थेट त्यावर पडलं होतं आणि तो शून्य सांगत होता. मग मी बाकीचे पाहिले. मी फोन उभा धरला होता, आणि तो म्हणत होता की मी आडवा आहे, उताणा. शेगडी पेटलेली होती, खोलीत स्वेटर नकोसा होत होता, आणि बॅटरीचं तापमान तळघरातल्या बटाट्यांना असतं तेवढंच होतं. मी फोन शेगडीजवळ नेला. आकडा हलला नाही.

एक सेन्सर बिघडतो, तीन एकदम बिघडत नाहीत. आणि बिघडले तरी तिघं मिळून एकच जागा सांगत नाहीत. हे कळत असूनही मी फोन खोक्यात घालून फडताळात ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही. खरं तर मी घाबरले होते.

वुकोमानने तो परत मागून घेतला. तो हाताशी नसला की त्याला श्वास घेता येत नव्हता.

फेब्रुवारीत संत त्रिफूनचा दिवस आला. त्या दिवशी द्राक्षांच्या वेली छाटतात आणि त्यांच्या मुळांशी वाइन ओततात. दरवर्षी आमच्याकडे तो डबल सण असायचा, कारण मोठ्या दिराचा नामदिनही तोच. वुकोमान दोन दिवसांपासून उठला नव्हता. डॉक्टर येऊन गेले होते, इस्पितळात न्यायचं ठरलं होतं, रुग्णवाहिका डोंगरातल्या बर्फात अडकली होती. त्याचे ओठ मातकट झाले होते. फोन त्याच्या छातीवर होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली व्हायचा. एकेका श्वासाला फार वेळ लागत होता.

सासूबाई पिठाची पिशवी घेऊन आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. आत लोखंड वाजलं.

“आता कुणाच्या पायात घालणार, आई?” मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि रागही.

“त्या फोनांचं सांग मला. याच्या आणि त्याच्या.”

“काय सांगू?”

“त्याच्यात जे आहे तेच याच्यात आहे, असं तूच म्हणालीस ना याला?”

“हो. नक्कल आहे. यंत्राच्या लेखी दोन्ही एकच फोन आहेत.”

त्यांनी आवाज चढवला नाही.

“मग बेडी तूच घातलीस की, पोरी. आता तूच काढ.”

मी लॅपटॉप उघडला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे का, ते मला विचारू नका. पण जुनी ओळख पुसून नवी घेणं हे राहून गेलेलंच काम होतं, नियमाचं होतं, आणि बर्फात अडकलेल्या गाडीची वाट बघत हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा बरं होतं. वुकोमानच्या बोटांतून फोन सोडवताना ती बोटं उघडेनात. सासूबाईंनी मदत केली.

जुनी ओळख पुसली.

पडदा काळा झाला. वुकोमानचा श्वास थांबला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. शेगडीत लाकूड फुटलं. बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं.

फोन पुन्हा सुरू व्हायला लागला. एक ओळ आली, मग दुसरी. मग नव्या ओळखीचा आकडा.

राखाडी पडदा उजळला. इतका लखलखीत मी तो त्या घरात कधी पाहिला नव्हता. उजेडाचा आकडा वर चढला. तापमान चढायला लागलं.

पलंगावर लांब, खोल श्वास घेतल्याचा आवाज आला, पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा.

मी त्याच्या गळ्यात पडले. हसत होते की रडत होते, मला कळत नव्हतं. त्याचे पाय गरम होते, दोन्ही. तो उठून बसला, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, “भूक लागलीय.” मी रुग्णवाहिका नको म्हणून कळवलं. सासूबाईंनी देवापुढे मेणबत्ती लावली, तव्यावर चपटं सॉसेज टाकलं, बरणीतल्या मिरच्या काढल्या, नामदिनाची वाइन ओतली. तो टेबलाशी चालत आला. पाय ओढत नव्हता. घरात इतक्या महिन्यांनी तळणीचा वास सुटला होता आणि मी नुसती बसून होते, अंगातला सगळा थकवा एकदम खाली उतरल्यासारखी.

“नाव कुणाचं घेतलंस?” सासूबाईंनी तव्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून विचारलं.

“नाव नाही घ्यावं लागत, आई. यंत्र आहे ते. आकडा बदलायचा फक्त.”

“सोडवताना नाव घ्यावंच लागतं.”

मी सवयीने लॅपटॉपकडे पाहिलं. ओळख नवी झाली होती, पण फोनचं नाव वेगळं असतं, ते वेगळं बदलावं लागतं. नकलेबरोबर उतरलेलं नाव मी बदललंच नव्हतं. नव्या आकड्यासमोर लिहिलं होतं: त्रिफून.

मी मान वर केली. तो ताटाची वाट बघत बसला होता. फोन त्याच्या डाव्या हातात होता आणि डावा अंगठा पडद्यावर भराभर फिरत होता. फोनची मांडणी बदलणं वुकोमानला कधी जमलं नव्हतं. साधी अक्षरं मोठी करायची तर मला हाक मारायचा. पट्टी उजवीकडून निघून डाव्या कडेला जाऊन बसली. त्याची उजवी मूठ टेबलावर होती. अंगठा आत दुमडलेला होता.

सासूबाईंनी ताट त्याच्यासमोर ठेवताना ती मूठ पाहिली. त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी त्याचा पेला पुन्हा भरला, पिठाची पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता कोठीत ठेवायला निघून गेल्या.

“काय झालं, भागीदार?” तो म्हणाला. “जेव ना.”

लॅपटॉपवर राउटरच्या यादीत आता दोन फोन दिसत होते. एक नव्या ओळखीचा, टेबलावरचा. दुसरा जुन्या ओळखीचा.

मी जुना उघडला. उजेड शून्य. उताणा. तळघरातल्या बटाट्यांएवढा गार.

स्पर्शांच्या ओळी उमटत होत्या. आता त्या डाव्या कडेच्या नव्हत्या. उजवी कड, अगदी खाली. पुन्हा उजवी कड, अगदी खाली. पुन्हा. अंगठा आपोआप पडेल तिथे.

त्या फोनवर त्या जागी काहीच नाही. मला फोन लावायचं बटण मी तिथे ठेवलेलंच नाही, नुसता राखाडी पडदा आहे.